भुदरगडाच्या पायथ्याचे मातीचे किल्ले

दिवाळी आठ-दहा दिवसांवर येऊन ठेपली, सहामाही परीक्षेची दगदग संपून दप्तरे खुंटीला लागली आणि वेदगंगेच्या काठची भातखाचरे पिवळी पडून कापणीची वाट पाहू लागली, की गारगोटीच्या गल्लीगल्लींतून आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांतून मुलांच्या टोळ्या घमेली, खुरपी आणि गोणपाटाची जुनी पोती गोळा करीत हिंडताना दिसू लागतात. अंगणाचा कोणता कोपरा घ्यावयाचा याचा निकाल लागला, की विटांचे तुकडे आणि ओढ्यातले गोटे रचून डोंगराचा सांगाडा उभा केला जातो. चिखलाच्या काल्यात बुडवून काढलेले पोते त्यावर पसरले जाते. त्याच्या सुरकुत्यांतून आपोआप सोंडा, घळी आणि कडे निर्माण होतात, आणि मग तासन्‌तास चाललेल्या लिंपणातून तट, बुरूज, दरवाजा, पायऱ्या, पाण्याचे टाके, सदर असा गडाचा एकेक अवयव आकार घेऊ लागतो. ओल्या मातीत हळीव किंवा मोहरी पेरली म्हणजे चार-पाच दिवसांत उतारावर हिरवे रान माजते. आणि कुंभाराकडून आणलेले मातीचे मावळे, तोफा आणि सिंहासनावरचे शिवाजी महाराज आपापल्या जागी विराजमान झाले, की किल्ला पुरा झाला असे वडीलधारी माणसे समजतात. मुलांच्या लेखी मात्र खरे काम तेव्हाच कोठे सुरू होते.

या मुलखातल्या मुलांना किल्ला पुस्तकात पाहावा लागत नाही. गारगोटीपासून थोड्याच अंतरावर भुदरगडाचे पठार उभे आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या नावाशी जोडलेला, पुढे शिवाजी महाराजांनी डागडुजी करून नांदता केलेला, आणि आज गारगोटी हे ज्याचे मुख्य ठाणे आहे त्या तालुक्याला नाव देऊन राहिलेला हा गड. पाटगावच्या पलीकडे सह्याद्रीच्या धारेवर रांगणा आहे. तरीही मुलांच्या अंगणातल्या किल्ल्यात या दोहोंची नक्कल फारशी आढळत नाही. नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीने बांधलेला किल्ला मी बराच वेळ न्याहाळत उभा होतो. तिने तटाच्या आत एक दूध संस्था बांधली होती, कारण गडावर म्हशी असतील तर त्यांचे दूध मावळे कोठे घालणार, हा प्रश्न तिला पडला होता आणि तो तिने स्वतःच सोडवला होता. तिच्या टाक्यातले पाणी मुरून जाई. तिने तळाला शेणाने सारवून पाहिले. पाणी मुरतच राहिले. मग तिने प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा तळाशी अंथरला, आणि गडावर प्लास्टिक दिसणे बरे नव्हे म्हणून त्यावर मुठीमुठीने वाळू पसरून ते झाकून टाकले. या एका टाक्यात निरीक्षण होते, तर्क होता, दोन फसलेले प्रयत्न होते, आणि शेवटी काय शोभते व काय शोभत नाही याविषयीचा तिचा स्वतःचा, कोणी न शिकवलेला निवाडाही होता.

अलीकडे दिवाळीच्या सुमारास बाजारात प्लास्टरचे तयार किल्लेही विकायला येतात. रंगवलेले, बुरुजांवर भगवे लावलेले, पिशवीत घालून घरी आणून ठेवता येतील असे. ज्यांच्या घराला अंगण उरलेले नाही, अशा कुटुंबांची अडचण मी समजू शकतो. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. परंतु मुलाच्या दृष्टीने या तयार किल्ल्याचा मोठा दोष असा, की तो पूर्ण आहे. त्यात भर घालावी अशी जागा नाही, मोडून पुन्हा करावे अशी मुभा नाही, आणि पाणी मुरते म्हणून डोके खाजवीत बसावे असा प्रसंग तर त्यात कधीच येत नाही. मुलांच्या सर्जनशक्तीविषयी बोलताना आपण बहुधा रंगपेटीच्या किमतीपासून सुरुवात करतो आणि शिबिराच्या शुल्कापाशी थांबतो. पण या शक्तीचे पोषण जिच्यावर होते ती सामग्री अपुरी असावी लागते, तिला मुलाने पुरे करण्याची गरज असावी लागते. माती अशी आहे. चिंचोके, पुठ्ठा, चिंध्या, काठ्या अशा आहेत. म्हणूनच हा लेख खेळण्यांच्या दुकानातून सुरू न करता अंगणातून सुरू केला.

काठीचा घोडा हे या बाबतीतले सर्वांत जुने आणि सर्वांत बोलके उदाहरण होय. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी 1933 साली दिलेल्या एका व्याख्यानात याच काठीचा आधार घेऊन एक महत्त्वाचा विचार मांडला. अगदी लहान मुलाच्या मनात वस्तू आणि तिचा अर्थ ही एकमेकांना चिकटलेली असतात. समोर घोडा असला तरच घोड्याचा विचार. ज्या दिवशी ते काठीवर टांग टाकून अंगणभर दौडते, त्या दिवशी त्याने घोड्याचा अर्थ घोड्यापासून सोडवून काठीवर बसवलेला असतो. पुढे ज्या सामर्थ्याच्या बळावर ते अक्षराला ध्वनी मानणार आहे, किंवा ‘क्ष’ या चिन्हाला अज्ञात संख्या मानून गणित सोडवणार आहे, त्या सामर्थ्याचा पहिला अभ्यास ही काठी करवून घेते. आणि त्यासाठी काठी घोड्यासारखी दिसणे मुळीच आवश्यक नाही. टांग टाकता आली म्हणजे पुरे.

विगोत्स्कींचा दुसरा मुद्दा आपल्याकडे त्याहून कमी लक्षात घेतला जातो. कल्पनेच्या खेळात मूल वाटेल तसे वागते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते त्या वेळी एरवीपेक्षा अधिक कडक नियम पाळत असते. गारगोटीच्या कोणत्याही ओसरीवर चार पाट आणि दोन खुर्च्या ओळीने मांडून चाललेला एस.टी.चा खेळ पाहावा. कंडक्टर झालेला मुलगा ‘कूर, मुधाळतिट्टा, बिद्री, कोल्हापूर’ असा पुकारा करतो, जुन्या वहीच्या चिटोऱ्यांची तिकिटे फाडून देतो, उतारू चढेपर्यंत घंटी वाजवीत नाही; त्याला स्वतःला कितीही बसावेसे वाटले तरी तो बसत नाही, कारण गाडीत गर्दी आहे आणि कंडक्टर उभाच असतो. घरात दोन मिनिटे एका जागी उभे न राहणाऱ्या या मुलाकडून एवढा संयम कोणत्याही हुकमाने करवून घेता आला नसता. भातुकलीत पाहुण्याला आधी वाढून मग स्वतः जेवणारी पाच वर्षांची मुलगी, बाहुलीच्या लग्नात रुसलेल्या विहीणबाईंची समजूत काढणारी तिची मैत्रीण, या दोघीही असेच स्वतःच्या मनाला आवर घालीत असतात. अशा खेळात मुले आपल्या वयापेक्षा वीतभर उंच होतात, आणि ते त्यांच्या ध्यानातही येत नाही.

माती, काठ्या, चिंध्या अशा या अपुऱ्या सामग्रीला शास्त्रीय नाव मिळाले ते पुष्कळ नंतर. सायमन निकल्सन या इंग्रज कलावंताने 1971 साली लिहिलेल्या एका निबंधात ‘सुट्या भागांचा’ सिद्धान्त मांडला; एखाद्या परिसरात हलवता येतील, जोडता येतील, मोडता येतील असे सुटे भाग जितके अधिक, तितका तेथे कल्पकतेला आणि शोधाला वाव अधिक, असे त्याचे थोडक्यात सार सांगता येईल. परंतु निकल्सनच्या कितीतरी आधी, आपल्याच महाराष्ट्रात, हा विचार एका बाईंनी प्रत्यक्ष आचरणात आणला होता, आणि त्यांची हकीकत थोडी विस्ताराने सांगितल्यावाचून माझ्याने पुढे जाववत नाही.

ताराबाई मोडक यांचा जन्म 1892 सालचा. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहवासात त्यांनी बालशिक्षणाला वाहून घेतले आणि 1926 साली तेथेच नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीचा दोघांवरही खोल संस्कार होता; पण ती पद्धत जशीच्या तशी घेण्यात दोन अडचणी होत्या. पहिली पैशाची. मॉन्टेसरीबाईंची साधने सुबक, मोजूनमापून तयार केलेली आणि म्हणूनच महाग. ती शहरातल्या सधन पालकांच्या बालमंदिरांना परवडत, खेड्यातल्या शाळेला त्यांचे दर्शनही दुर्मीळ. दुसरी अडचण स्वभावाची होती. मॉन्टेसरीबाईंना मुलांच्या कल्पनारम्य खेळाविषयी आणि परीकथांविषयी फारसे ममत्व नव्हते. मुलाने खरी कामे करावीत, खऱ्या वस्तू हाताळाव्यात याकडे त्यांचा कल. गिजुभाई मात्र गोष्टींचे धनी! भावनगरच्या बालमंदिरात गोष्ट, गाणे आणि नाटक यांना त्यांनी जे स्थान दिले, त्यामुळे परदेशी पद्धतीला या मातीचा ओलावा मिळाला.

पैशाच्या अडचणीचा परिहार ताराबाईंनी केला. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी येथे 1945 साली त्यांनी ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले आणि त्याच साली अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडून बसले तरी वस्तीतली मुले येत नाहीत असे दिसून आल्यावर त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. आज देशभर सरकारी दप्तरात रूढ झालेली ‘अंगणवाडी’ ती हीच. 1957 साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि गुरांमागे रानात जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. या शाळांतून साधने म्हणून काय वापरले जाई, तर शिंपले, गोटे, बिया, पाने आणि फुले. लहान-मोठे, खरखरीत-गुळगुळीत, जड-हलके हे सारे भेद मुलांना या जिनसांवर शिकता येत. रांगोळीसारख्या आकृत्या मांडता येत. आणि मांडलेले मोडून नवे मांडायला कोणाची परवानगी घ्यावी लागत नसे. कोसबाड हा वारल्यांचा मुलूख. गेरूने किंवा शेणामातीने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने, बांबूच्या काडीचे टोक चेचून केलेल्या कुंचल्याने, वारली स्त्रिया लग्नाचा चौक चितारतात. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे जगभर पोचलेल्या त्या कलेचे सारे साहित्य स्वयंपाकघरातून आणि कुंपणातून मिळते. ज्या प्रदेशात पीठ, गेरू आणि काडी यांतून अशी कला उभी राहिली, तेथेच साधनांच्या महागाईवाचून बालशिक्षण उभे राहिले, हा मला नुसता योगायोग वाटत नाही.

गारगोटीलाही या विचाराची एक स्वतंत्र पार्श्वभूमी आहे. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे सुपुत्र जे. पी. नाईक यांनी 1952 साली येथे श्री मौनी विद्यापीठाची स्थापना केली आणि पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव त्याला दिले. खेड्यातल्या माणसाला त्याच्या खेड्यापासून तोडणारे शिक्षण नको, त्याच्या शेताशी, व्यवसायाशी आणि हातांच्या कौशल्याशी नाते राखणारे शिक्षण हवे, ही त्यामागची धारणा होती. हेच नाईक पुढे 1964 ते 1966 या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या शिक्षणात ‘कार्यानुभव’ असावा ही त्या आयोगाची एक प्रमुख शिफारस होती. गारगोटीच्या मातीतला अनुभव त्या शिफारशीच्या मुळाशी काही अंशी असावा असे मानायला मला आवडते. दुःख इतकेच, की कार्यानुभवाचा तास शाळांच्या वेळापत्रकात मुक्रर झाल्यावर अनेक ठिकाणी त्याचा प्राण हरपला. मुलांनी करावयाच्या वस्तू आयांनी रात्री जागून केल्या किंवा दुकानातून आणल्या, आणि गुण मात्र मुलांच्या नावावर जमा झाले. ज्या तासाला मुलाचे हात मळत नाहीत, त्या तासाला कार्यानुभव कसे म्हणावे?

कोल्हापूर शहरात मात्र एका बाईंनी हा प्राण जपून दाखवला. कादंबरीकार ना. सी. फडके यांच्या कन्या लीलाताई पाटील यांनी आयुष्याची अनेक वर्षे शिक्षकांना शिकवण्यात घालवली आणि मग 1985 साली, लोक ज्या वयात विसाव्याची भाषा बोलतात त्या वयात, सृजन आनंद विद्यालय ही प्राथमिक शाळा काढली. मुलाने स्वतः घेतलेला अनुभव हा तेथे सर्व शिक्षणाचा पाया मानला गेला. शाळेच्या नावातच सृजनाला आनंदाशी जोडून त्यांनी आपले सारे प्रतिपाद्य मांडले. 2020 साली त्या गेल्या. पण मराठी माध्यमाच्या, साध्या साधनांच्या शाळेतही कल्पकतेला राजमार्ग करून देता येतो याचा पुरावा म्हणून त्यांच्या शाळेकडे आणि त्यांच्या लेखनाकडे बोट दाखवता येते.

आणि याच शहरातल्या बाबूराव पेंटरांची आठवण येथे अपरिहार्य आहे. सुतारकाम, लोहारकाम, चित्र, शिल्प या सगळ्यांत हात असलेल्या मेस्त्री घराण्यात ते वाढले. रंग, लाकूड आणि धातू यांच्या संगतीतच त्यांचे बालपण गेले. चलच्चित्राचा कॅमेरा मिळेना तेव्हा त्यांनी तो आपल्या सहकाऱ्यांसह स्वतः बनवला, आणि त्यानंतर 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. घरातल्या कारखान्यात लहानपणी मोडतोड आणि जोडाजोड करू दिलेल्या हातांचा तो प्रताप होता असे मी समजतो.

आता चित्रांकडे वळतो, कारण पालकांच्या हातून सर्वाधिक अन्याय येथे घडतो. दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या हाती खडू आला, की ते भिंतीवर गिरगोट्या काढू लागते. या गिरगोट्या निरर्थक नसतात. हाताच्या हालचालीने जगात एक खूण उमटते आणि ती टिकते, हा त्याला लागलेला फार मोठा शोध असतो. रोडा केलॉग या अमेरिकन बाईंनी मुलांची लक्षावधी चित्रे जमवून असे दाखवले, की देशोदेशींची मुले सुरुवातीला सारख्याच रेघा, सारखीच वर्तुळे आणि सारख्याच फुल्या काढतात. तीन-चार वर्षांचे झाल्यावर मूल एक मोठे वर्तुळ काढून त्यालाच थेट हातपाय जोडते. हा त्याचा पहिला माणूस. पुढे सहा-सात वर्षांच्या सुमारास घराचे चित्र येते, तेव्हा भिंत असूनही आतली माणसे, चूल, झोपाळा, पाळण्यातले बाळ, गोठ्यातली म्हैस असे सारे एकदम दिसते. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या अवस्थांचे सविस्तर विवेचन केले आहे. मूल डोळ्यांना दिसते ते काढीत नाही, त्याला जे ठाऊक आहे ते काढते; घरात आई आहे हे त्याला ठाऊक असते, मग मध्ये भिंत आली म्हणून ते आईला का वगळील?

अशा वेळी ‘भिंतीतून माणसे कशी दिसतील रे?’ म्हणून त्याला दुरुस्त करणे, किंवा त्याच्या हातातली पेन्सिल घेऊन दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक नदी आणि कौलारू घर असे ते सर्वत्र ठरून गेलेले चित्र त्याला ‘शिकवणे’, म्हणजे त्याची भाषा खोडून त्याच्या तोंडी पाठ केलेले वाक्य घालणे होय. छापील आकृत्यांत रंग भरावयाची पुस्तके याच जातीची. बोटांना वळण लागावे म्हणून ती अधूनमधून चालतील. पण रेघेच्या बाहेर रंग गेला की चूक, एवढाच धडा त्यांतून रोज मिळत राहिला, तर कोऱ्या कागदासमोर मूल भांबावते आणि ‘मला येत नाही, तुम्हीच काढून द्या’ असे म्हणू लागते. सहाव्या-सातव्या वर्षी हे वाक्य मुलाच्या तोंडून ऐकणे हृदयाला फार लागते. चित्र दाखवायला आणल्यावर ‘हे काय आहे?’ असे विचारण्यापेक्षा ‘मला याच्याविषयी सांग बघू’ असे म्हणावे आणि मग खरोखर ऐकावे. ‘छान, छान’ म्हणून पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालू नये.

बक्षिसांविषयीही येथेच लिहिले पाहिजे, कारण चित्रस्पर्धा आणि किल्लास्पर्धा यांचे पेव आता खेडोपाडी फुटले आहे. 1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एका बालशाळेत केलेला प्रयोग प्रत्येक पालकाने समजून घेण्यासारखा आहे. तीन ते पाच वर्षांची जी मुले रंगीत पेनांनी आपण होऊन आवडीने चित्रे काढीत, त्यांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता नंतर अचानक प्रशस्तिपत्र दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. काही दिवसांनी तीच पेने पुन्हा मोकळ्या वेळात ठेवली, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेल्या मुलांनी त्यांना इतरांच्या निम्माच वेळ दिला. आधी जो आनंद होता, त्याची आता मजुरी झाली होती. मोठ्या मुलांसाठी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षा आहेत. स्मरणचित्र, संकल्पचित्र, वस्तुचित्र यांचा रीतसर सराव त्या करवून घेतात आणि त्यांचे मूल्य मी मानतो. परंतु बालवाडीतल्या मुलांना क्रमांक लावण्यात कोणाचेच हित नाही. दिवाळीत गावातले सगळे किल्ले पाहण्याची फेरी काढावी, प्रत्येक किल्ल्याच्या धन्याने आपला गड स्वतः समजावून सांगावा, आणि क्रमांकाची तजवीजच ठेवू नये, असे गावोगावच्या तरुण मंडळांना माझे कळकळीचे सांगणे आहे.

साहित्याचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. विकत घ्यावयाचे ते थोडेच. मेणाचे जाड खडू, कारण ते लहान मुठीत मावतात आणि मोडले तरी चालतात. लाल, पिवळा, निळा, काळा आणि पांढरा एवढे पाच पाण्याचे रंग, म्हणजे बाकीचे रंग मूल स्वतः मिसळून शोधील. एक जाड कुंचला आणि बोथट टोकाची कात्री. 1931 साली दांडेकर बंधूंनी शाईपासून सुरू केलेल्या उद्योगाचे उंटाच्या छापाचे रंग आज कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात, तेव्हा यासाठी शहर गाठण्याची तसदी नको. कागद विकत घेण्याची तर गरजच नाही. एका बाजूला कोरे राहिलेले कागद, जुन्या दिनदर्शिकांची पाने, किराण्याच्या पुड्यांचे खाकी कागद हे मुबलक असतात, आणि मोठ्या कागदावर, जमिनीवर पालथे पडून, सगळा हात खांद्यापासून फिरवीत काढू दिले, तर मूल अधिक मोकळे होते.

बाकीचे घरात आणि शिवारात आहे. गेरू, कोळसा, विटेचा तुकडा, पारिजातकाचे केशरी देठ, नीळ, हे सारे रंगच. हळदीच्या पाण्यात चिमूटभर चुना टाकला की पिवळ्याचा लाल होतो, आणि हा चमत्कार पाहिलेले मूल पुढचा तासभर स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याची परीक्षा घेत बसते, बसू द्यावे. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तेवढे पाणी असे मळून घेतले, की पावसाळ्यात घरात बसून आकार करायला चांगला गोळा तयार होतो. मिठामुळे तो लवकर खराब होत नाही. बेंदराला कोल्हापूरकडे मातीचे बैल पुजतात. कुंभाराकडची जोडी देव्हाऱ्यात असावीच, पण तिच्या शेजारी मुलाने केलेला, एक शिंग तुटलेला बैलही पुजायला ठेवला, तर त्याला आपल्या हातांची किंमत कळते. जोंधळ्याच्या ताटाच्या भेंडाची बैलगाडी, फणसाच्या पानांचे बैल, करवंटीचा तराजू, आंब्याच्या पानाची पिपाणी हे आजोबा-आजींच्या पिढीला येत होते. त्यांच्याकडून ते शिकून घेण्याची मुदत आता फार उरलेली नाही. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या वाल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रे यांपासून शेकडो खेळणी करून दाखवली आणि त्यांतून विज्ञान शिकवले, ते याच परंपरेला धरून.

एक इशारा येथेच देतो. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती चिंचोके, मणी, वाटाणे असे नाकात किंवा घशात अडकणारे काहीही देऊ नये. आणि मोठ्या मुलांनाही लाल-काळ्या गुंजा व एरंडाच्या बिया खेळायला देऊ नयेत. दोन्ही विषारी आहेत, आणि गुंज दिसायला जितकी मोहक तितकीच पोटात गेल्यावर घातक. चुन्याची चिमूट मोठ्या माणसाने स्वतःच टाकावी, मुलाच्या डोळ्याजवळ जाऊ देऊ नये.

साहित्यापेक्षा दुर्मीळ झालेली गोष्ट म्हणजे वेळ. शाळा सुटली की शिकवणी, शिकवणी सुटली की गृहपाठ, आणि उरलेल्या फटीत हातात मोबाइल. अशा दिवसात एस.टी.चा खेळ सुरू होऊन रंगायला लागणारा तासभर कोठून यावा? मुलाला ‘कंटाळा आला’ असे म्हणू द्यावे आणि त्यावर लगेच उपाय करायला धावू नये. त्या कंटाळ्याच्या पोटातूनच बहुतेक खेळ जन्माला येतात. मोठ्यांनी खेळात बोलावल्याशिवाय शिरू नये, बोलावले तर मिळालेली भूमिका प्रामाणिकपणे करावी; रोगी व्हायला सांगितले तर कण्हावे, उतारू केले तर तिकिटाचे पैसे द्यावेत. आणि पसाऱ्याचा राग आवरावा. यासाठी घरातला एक कोपरा, निदान गोणपाटाचा एक तुकडा, ‘येथे सांडले तरी चालेल’ असा ठरवून द्यावा, मुलाच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर सामान डब्यांतून लावून ठेवावे, आणि आवरण्याचे काम मुलाने खेळाचाच भाग म्हणून करावे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या किंवा अंगणवाडीतल्या बाईंनाही हे करता येईल. गावातल्या सुताराकडून लाकडाचे घासून घेतलेले तुकडे, शिंप्याकडून चिंध्या, छापखान्यातून कागदाच्या पट्ट्या मागितल्या तर नाही कोणी म्हणत नाही.

शेवटचा प्रश्न मुले जे निर्माण करतात त्याच्या जतनाचा. मातीचे पावसात विरघळते, ते विरघळू द्यावे. चित्रे मात्र ठेवावीत. त्यासाठी पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांना नाडी बांधून प्रत्येक मुलाचे एक दप्तर करावे, भिंतीवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला एक दोरी बांधून ताजी चित्रे चिमट्याने तिच्यावर लावावीत, आणि दोरी भरली की मुलाला विचारून जुनी दप्तरात घालावीत. प्रत्येक चित्राच्या पाठीमागे तारीख घालावी, आणि चित्राविषयी मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत, काही न सुधारता लिहून ठेवावे. लिहिताना पेन्सिल वापरावी, शाई पातळ कागदातून पलीकडे उमटते.